कोरड्या प्रदेशातील सौर प्रकल्पाची कामगिरी मोजायची कशी?

एखाद्या वाळवंटात मोठा सौर प्रकल्प सुरू झाल्याची बातमी येते, तेव्हा तिच्यात बहुधा दोनच आकडे ठळकपणे दिलेले असतात: प्रकल्प किती मेगावॅटचा आहे आणि त्याने किती जमीन व्यापली आहे. राजस्थानातील भडला सौर उद्यान २,२४५ मेगावॅटचे आहे, इजिप्तमधील बेनबान सुमारे १,६५० मेगावॅटचे आहे, असे आपण वाचतो आणि त्या आकड्यावरून प्रकल्पाची योग्यता ठरवून मोकळे होतो. मेगावॅटचा आकडा प्रकल्पाची क्षमता सांगतो. तो वर्षभर प्रत्यक्षात कसा चालतो, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी वेगळी मोजमापे लागतात, आणि नेमक्या कोरड्या हवामानात ती मोजमापे सर्वांत सहज चुकतात. उष्णता आणि धूळ तिथे वीज घटवतातच, शिवाय वीज किती घटली हे सांगणारी यंत्रणाही बिघडवतात. म्हणून कोरड्या प्रदेशातील प्रकल्पाविषयीचा कोणताही टक्केवारीचा दावा वाचताना तो आकडा कसा काढला, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

पॅनेलवर छापलेला आकडा येतो कुठून?

सौर पॅनेलच्या मागे ४०० किंवा ५५० वॅट असा जो आकडा लिहिलेला असतो, तो कारखान्यातील चाचणीतून आलेला असतो. जगभर या चाचणीच्या अटी एकच आहेत: पॅनेलवर दर चौरस मीटरला १,००० वॅट एवढा प्रकाश पडला पाहिजे आणि पॅनेलमधील सिलिकॉनच्या चकत्यांचे, म्हणजे सेलचे, तापमान २५ अंश सेल्सिअस असले पाहिजे. चाचणीत प्रकाशाचा झोत क्षणभरच टाकला जातो, त्यामुळे पॅनेल तापायला वेळच मिळत नाही.

उघड्यावर या दोन अटी एकाच वेळी क्वचितच पूर्ण होतात. १,००० वॅटचे ऊन पडते तेव्हा सेल २५ अंशांवर राहत नाही आणि सेल २५ अंशांवर असतो तेव्हा ऊन बहुधा कोवळे असते. उष्ण वाळवंटात ही फारकत टोकाला जाते. छापील आकडा खोटा नसतो. वेगवेगळ्या कंपन्यांची पॅनेले एकाच पट्टीने मोजता यावीत एवढ्यासाठीच तो असतो. त्यावरून वर्षाची वीज काढायला गेल्यास मात्र फसगत ठरलेली.

पडलेले ऊन आणि मिळालेली वीज

छपरावर पडणारे पावसाचे पाणी पन्हळीतून टाकीत साठवण्याची व्यवस्था डोळ्यांसमोर आणावी. टाकीत किती पाणी जमले, एवढ्यावरून व्यवस्था चांगली की वाईट हे ठरवता येणार नाही, कारण पाऊसच कमी पडला असेल तर पन्हळीचा दोष नाही. छपरावर किती पाणी पडले आणि त्यांतले किती टाकीपर्यंत पोहोचले, याचे प्रमाण काढले तरच गळती कळते. सौर प्रकल्पाचे मूल्यमापन याच तत्त्वावर उभे आहे.

पॅनेलच्या पृष्ठभागावर ठरावीक काळात दर चौरस मीटरला किती युनिट ऊन पडले हे मोजतात. त्याला आपण नुसते ‘प्रारण’ म्हणू. छापील क्षमतेनुसार एवढ्या प्रारणातून जेवढी वीज मिळायला हवी होती, तिच्याशी प्रत्यक्ष मिळालेल्या विजेचे जे प्रमाण येते ते ‘कामगिरी गुणोत्तर’. या क्षेत्रातील लोक त्याला पीआर म्हणतात. आपण ‘गुणोत्तर’ एवढेच म्हणू. समजा, एका दिवशी दर चौरस मीटरला ६ युनिट ऊन पडले. एक किलोवॅटच्या पॅनेलने आदर्श स्थितीत ६ युनिट वीज द्यायला हवी होती, दिली ४.५. म्हणजे गुणोत्तर ७५ टक्के. उरलेले २५ टक्के तापमान, धूळ, तारा, इन्व्हर्टर, बंद पडलेली यंत्रे अशा अनेक ठिकाणी गळले. (इन्व्हर्टर म्हणजे पॅनेलची एकदिश वीज वाहिन्यांना चालेल अशा प्रत्यावर्ती विजेत बदलणारे यंत्र.)

या पद्धतीसाठी आयईसी ६१७२४ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. ते १९९८ साली प्रथम आले आणि २०१७ व २०२१ साली त्याचा विस्तार आणि सुधारणा झाली. कोणती राशी कुठे, कोणत्या उपकरणाने आणि किती वेळा मोजायची हे त्यात ठरवून दिलेले आहे. हे मानक पाळून काढलेले गुणोत्तर आणि ढोबळमानाने काढलेले गुणोत्तर यांची एकमेकांशी तुलना करण्यात अर्थ नसतो.

गुणोत्तर कमी म्हणजे प्रकल्प वाईट?

तसे नाही. उदाहरणासाठी दोन काल्पनिक प्रकल्प घेऊ. पहिला उष्ण वाळवंटात आहे. तिथे वर्षाला दर चौरस मीटरला २,३०० युनिट ऊन पडते आणि गुणोत्तर ७६ टक्के आहे. दुसरा थंड, ढगाळ प्रदेशात आहे. तिथे १,१५० युनिट ऊन पडते, पण गुणोत्तर ८६ टक्के आहे. पहिला प्रकल्प वर्षाला दर किलोवॅटमागे सुमारे १,७५० युनिट वीज देईल, दुसरा जेमतेम ९९० युनिट. गुणोत्तरात दहा टक्क्यांनी मागे असलेला प्रकल्प विजेच्या बाबतीत पाऊणपटीने पुढे आहे.

गुणोत्तर हे गळतीचे मोजमाप आहे, पिकाचे नाही. पिकासाठी वेगळा आकडा वापरतात: प्रकल्प वर्षाचे ८,७६० तास पूर्ण क्षमतेने चालला असता तर जेवढी वीज मिळाली असती, तिच्या किती टक्के प्रत्यक्षात मिळाली. हा ‘क्षमता वापर घटक’. वरच्या उदाहरणात तो अनुक्रमे २० टक्के आणि ११ टक्क्यांच्या आसपास येतो. जागा निवडणाऱ्याला हा दुसरा आकडा महत्त्वाचा वाटतो, तर प्रकल्प चालवणाऱ्याचे काम तपासायचे असेल तर पहिला. सूर्याने दिलेल्या उदार दानाचे श्रेय प्रकल्पाच्या व्यवस्थापनाने घ्यायचे नाही आणि सूर्याच्या कंजूषपणाचा दोषही त्याच्या माथी मारायचा नाही, एवढ्यासाठी हे दोन आकडे वेगळे ठेवतात.

ऊन जास्त तर वीज जास्त. मग उष्णतेची तक्रार कशाला?

सौर पॅनेल प्रकाशावर चालते, उष्णतेवर नाही, ही गोष्ट ऐकलेली असूनही पटायला वेळ लागते. प्रकाश वाढला की विद्युतप्रवाह वाढतो. तापमान वाढले की विद्युतदाब घटतो. वीज या दोहोंच्या गुणाकारातून ठरत असल्यामुळे तापलेले पॅनेल त्याच प्रकाशात कमी वीज देते. स्फटिकी सिलिकॉनच्या पॅनेलमध्ये ही घट दर अंशामागे साधारण ०.३ ते ०.४५ टक्के असते. काही नव्या प्रकारांत ती पाव टक्क्याच्या आसपास आली आहे आणि कॅडमियम टेल्युराइडच्या पातळ थराच्या पॅनेलमध्येही ती जुन्या सिलिकॉनपेक्षा कमी आहे.

हवेचे तापमान ४२ अंश, ऊन कडक आणि वारा मंद असेल तर सेलचे तापमान सहज ७० अंशांवर जाते. २५ अंशांपेक्षा ते ४५ अंशांनी अधिक झाले. दर अंशामागे ०.३५ टक्के धरल्यास त्या क्षणी जवळपास १६ टक्के वीज गेली. लक्षात घ्यावे की यात काहीही बिघडलेले नाही. पॅनेल अगदी नवे आणि स्वच्छ असले तरी हे होणारच. अतिउष्ण दुपारी इन्व्हर्टरही स्वतःला वाचवण्यासाठी आपली क्षमता कमी करतो, त्यामुळे तो सावलीत आणि हवेशीर जागी बसवला आहे की नाही, हेही तपासावे लागते.

कोरडे म्हणजे उष्णच असे मात्र समजू नये. हवामानशास्त्रज्ञ व्लादिमीर कोपेन यांच्या वर्गीकरणात शुष्क हवामानाचे उष्ण आणि थंड असे दोन्ही उपप्रकार आहेत. चिलीतील अटाकामा वाळवंटाच्या उंच पठारी भागात जमिनीवरचे जगातले सर्वाधिक वार्षिक प्रारण नोंदले जाते, तरीही तिथली हवा थंड असते. लडाखही याच थंड गटातले. अशा ठिकाणी तापमानाची गळती फारच कमी होते आणि उंचीमुळे अतिनील किरणांचा मारा मात्र वाढतो. ‘वाळवंटातील सौर प्रकल्प’ असा एकच वर्ग करून सरासरी काढणे मला म्हणूनच फारसे उपयोगाचे वाटत नाही.

तापमानाची दुरुस्ती ही सवलत आहे की लपवाछपवी?

एकाच प्रकल्पाचे गुणोत्तर हिवाळ्यात ८२ आणि उन्हाळ्यात ७३ टक्के आले तर उन्हाळ्यात काही बिघडले, असा निष्कर्ष काढावा का? बहुधा नाही, तो फरक मुख्यतः तापमानाचा असतो. पण तापमानाच्या या चढउतारात खरा बिघाडही लपून राहू शकतो. उपाय म्हणून सेलचे तापमान मोजून त्याचा परिणाम हिशेबातून वजा करतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने २०१३ साली हवामानाची दुरुस्ती केलेल्या गुणोत्तराची रीत मांडली आणि आता वर सांगितलेल्या मानकातही अशी दुरुस्ती आहे.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. वीज तर खरोखरच कमी मिळाली. मग दुरुस्ती करून आकडा फुगवायचा कशासाठी? याचे उत्तर, आपण कोणता प्रश्न विचारतो आहोत, यावर अवलंबून आहे. उभारणी करणाऱ्याने काम नीट केले का, हे ठरवायचे असेल तर उन्हाळ्याबद्दल त्याला दंड करणे अन्यायाचे ठरेल. त्या जागी कोणत्या प्रकारचे पॅनेल लावावे, हे ठरवायचे असेल तर तापमानाचा तोटा हिशेबातून काढून टाकणे म्हणजे मुख्य मुद्दाच सोडून देणे होय.

आणखी एक बारकावा आहे, आणि तो करारांत वादाचे कारण होतो. दुरुस्ती करून सर्व नोंदी २५ अंशांवर आणता येतात, किंवा त्या ठिकाणच्या सेलच्या वार्षिक सरासरी तापमानावर आणता येतात. पहिल्या रीतीने उष्ण प्रदेशातील वार्षिक गुणोत्तर काही टक्क्यांनी वर उचलले जाते. दुसऱ्या रीतीने वर्षाचा आकडा जवळपास तोच राहतो, फक्त हिवाळा आणि उन्हाळा यांतली दरी बुजते. दोन्ही आकड्यांपुढे ‘तापमान-दुरुस्त’ असेच लिहिलेले असते. त्यामुळे दुरुस्ती कोणत्या तापमानावर आणून केली हे लिहिले नसेल, तर असा आकडा बाजूला ठेवलेला बरा.

हवेतली धूळ आणि काचेवरची धूळ

कोरड्या प्रदेशात तापमानाचे नुकसान मोठे असले तरी ते गणिताने आधी सांगता येते. धुळीचे तसे नाही, आणि तिच्याबद्दल बोलताना दोन निराळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात. हवेत तरंगणारी धूळ ऊन पॅनेलपर्यंत पोहोचूच देत नाही. काचेवर बसलेली धूळ पोहोचलेले ऊन आत जाऊ देत नाही. विजेच्या दृष्टीने दोन्हींचा परिणाम सारखा दिसतो, पण गुणोत्तराच्या दृष्टीने त्या अगदी भिन्न आहेत. हवा धुळकट झाली की मोजलेले प्रारणही घटते आणि वीजही घटते, त्यामुळे गुणोत्तर फारसे हलत नाही. काच मळली की वीज घटते, पण प्रारण तेवढेच राहते आणि गुणोत्तर खाली येते. मार्च २०२२ मध्ये सहारातील धूळ युरोपवर पसरली तेव्हा तिथल्या सौर विजेला आधी पहिल्या प्रकारचा फटका बसला आणि धूळ खाली बसल्यावर दुसऱ्या प्रकारचा.

या भेदाची सर्वांत स्वच्छ उदाहरणे पृथ्वीवरची नाहीतच. मंगळावरील ‘ऑपॉर्च्युनिटी’ या गाडीचा संपर्क जून २०१८ मध्ये तुटला, कारण ग्रहभर उठलेल्या धुळीच्या वादळाने आकाशच झाकले होते. त्याआधी चौदा वर्षे ती चालली, त्यात वाऱ्याच्या झोतांनी अधूनमधून तिची पॅनेले साफ होण्याचा मोठा वाटा होता. ‘इनसाइट’ या यानाची मोहीम डिसेंबर २०२२ मध्ये संपली ती दुसऱ्या कारणाने: तिच्या पॅनेलवर धूळ साचत गेली आणि ती झटकायला पुरेसा वारा आला नाही.

पृथ्वीवरच्या वाळवंटांत काचेवरच्या धुळीमुळे होणारी घट दिवसाला दशांश टक्क्यापासून एक टक्क्यापर्यंत असू शकते, आणि एखादे वादळ एका दिवसात त्याहून कितीतरी जास्त नुकसान करते. दिवसाला अर्धा टक्का धरला आणि महिनाभर पॅनेले पुसलीच नाहीत, तर महिनाअखेर सुमारे १५ टक्के वीज गेलेली असेल आणि महिन्याचा सरासरी तोटा साडेसात टक्क्यांच्या घरात जाईल. धुळीचे वजन सारखे असले तरी बारीक कण जाड वाळूपेक्षा जास्त प्रकाश अडवतात, म्हणून डोळ्यांना दिसणाऱ्या वाळूपेक्षा न दिसणारी माती अधिक महाग पडते. पॅनेल जितके आडवे, तितकी धूळ जास्त साचते. तिरप्या पॅनेलवर ती घसरून खालच्या कडेला जमते. कडेला जमलेली ही पट्टी फार फसवी असते, कारण सेल एकामागून एक जोडलेले असल्यामुळे खालच्या एका ओळीवरची सावली तिच्याशी जोडलेल्या इतर सेलनाही अडवते, आणि तोटा झाकलेल्या क्षेत्रफळाच्या मानाने कितीतरी जास्त होतो.

वारा आणि पाऊस हे काम करत नाहीत का?

काही प्रमाणात करतात. पण वारा धूळ आणतोही आणि नेतोही, आणि सर्वांत बारीक कण काचेला इतके घट्ट चिकटलेले असतात की साधा वारा त्यांना हलवू शकत नाही. यात रात्रीच्या दवाची भर पडते. वाळवंटातील स्वच्छ आकाशाखाली काच आपली उष्णता वेगाने बाहेर टाकते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते, त्यामुळे कोरड्या म्हणवल्या जाणाऱ्या प्रदेशातही तिच्यावर दव पडते. धुळीतील क्षार त्यात विरघळतात, सकाळी उन्हाने पाणी उडून जाते आणि मागे चिकट थर राहतो. असे रोज होत राहिले की धुळीचे लिंपण तयार होते. हे टाळण्यासाठी काही ठिकाणी सूर्याबरोबर फिरणाऱ्या सांगाड्यांवरील पॅनेले रात्री शक्य तितकी उभी करून ठेवतात.

पावसाचेही तसेच आहे. जोरदार सर काच धुऊन काढते, पण चार थेंबांचा शिडकावा धुळीचा चिखल करून जातो आणि पॅनेल आधीपेक्षा मळके दिसू लागते. ‘पाऊस झाला, आता सफाई नको’ हा नियम त्यामुळे किती पाऊस झाला हे पाहिल्याशिवाय लावता येत नाही.

मोजणारे उपकरणच धुळीने माखले तर

माझ्या दृष्टीने या विषयाचा गाभा इथे आहे. गुणोत्तराच्या छेदात प्रारण असते आणि ते मोजणारे उपकरण, म्हणजे काचेच्या घुमटाचे पायरॅनोमीटर किंवा छोट्या पॅनेलसारखा संदर्भ-सेल, त्याच धुळीत उघड्यावर बसवलेले असते. मघाच्या उदाहरणात खरे ऊन ६ युनिट होते आणि वीज ४.५ युनिट. उपकरणावरील धुळीमुळे त्याने ६ ऐवजी ५.७ युनिट दाखवले, तर गुणोत्तर ७५ ऐवजी ७९ टक्के येईल. प्रकल्पात कुठलीही सुधारणा न होता केवळ आळसाने चार टक्के कमावले! छपरावर पाऊस मोजायला ठेवलेले भांडेच अर्धवट झाकले गेले, तर पन्हळ गळत असूनही सगळे ठीक दिसावे, तसेच हे आहे.

सपाट काचेचा संदर्भ-सेल पॅनेलइतकाच मळला तर आणखी विचित्र परिणाम होतो: धुळीचा तोटा अंश आणि छेद दोन्हींत सारखाच येऊन हिशेबातून साफ नाहीसा होतो. महिनोन्महिने कुणी न पुसलेल्या प्रकल्पाचे गुणोत्तरही मग सपाट, निरोगी रेषेसारखे दिसते. म्हणून कोरड्या प्रदेशातील गुणोत्तराची रेषा धुळीच्या हंगामात अजिबात खाली येत नसेल, तर आनंद मानण्याआधी उपकरण शेवटचे कधी पुसले, याची नोंद मागावी.

धुळीचा तोटा वेगळा काढण्याची एक सरळ रीत आहे. एकसारखी दोन पॅनेले शेजारी लावायची. एक रोज पुसायचे, दुसरे प्रकल्पातील बाकी पॅनेलांबरोबरच पुसायचे किंवा तसेच ठेवायचे. दोन्हींच्या निर्मितीचे प्रमाण म्हणजे धुळीचे मोजमाप. यात नुसता विद्युतप्रवाह न मोजता मिळणारी कमाल वीज मोजणे चांगले, कारण कडेला साचलेल्या पट्टीचा तोटा प्रवाहाच्या मोजणीत पुरता दिसत नाही. प्रकल्प काही किलोमीटर पसरलेला असेल तर एका जोडीवर भागत नाही. कच्च्या रस्त्याजवळच्या ओळी आणि आतल्या ओळी यांत मोठा फरक पडतो.

इन्व्हर्टरही धूळ लपवतो. बहुतेक प्रकल्पांत पॅनेलची एकूण क्षमता इन्व्हर्टरपेक्षा मुद्दाम जास्त ठेवलेली असते. भर दुपारी पॅनेल देऊ शकतात ती सर्व वीज इन्व्हर्टर घेत नाही, वरची कापून टाकतो. अशा तासांत काच थोडी मळली तरी बाहेर पडणारी वीज तेवढीच राहते. धुळीचा परिणाम पाहायचा असेल तर हे तास हिशेबातून वगळावे लागतात.

उपकरणांची एवढी कटकट असेल तर उपग्रहाच्या प्रतिमांवरून प्रारण का काढू नये, असे कुणी विचारेल. तसे काढतातही, आणि जागा निवडताना वर्षानुवर्षांच्या उपग्रहीय नोंदींना पर्याय नाही. पण वाळू स्वतःच चकाकते, त्यामुळे पांढुरके ढग आणि उजळ जमीन वेगळी ओळखणे अवघड जाते. हवेतील धुळीचे प्रमाणही दिवसागणिक बदलते. उपग्रहाचा आकडा जमिनीवरच्या उपकरणावर नजर ठेवायला वापरावा, त्याच्या जागी नाही.

मग रोज का धूत नाहीत?

कारण धुण्याला पाणी, माणसे आणि वाहने लागतात, आणि कोरड्या प्रदेशात पाणीच दुर्मिळ असते. मिळते ते बरेचदा क्षारयुक्त असते आणि काचेवर डाग सोडते. सफाईचा योग्य कालावधी म्हणूनच हिशेबाने ठरवावा लागतो: पुढच्या सफाईपर्यंत वाया जाणाऱ्या विजेची किंमत सफाईच्या खर्चापेक्षा जास्त होऊ लागली की सफाई करायची. हा कालावधी एका ठिकाणी आठवडा येईल, दुसरीकडे दोन महिने. कोणताही सार्वत्रिक नियम नाही, आणि वर सांगितलेली पॅनेलची जोडी नसेल तर हा हिशेब अंदाजावरच चालतो.

पाण्याशिवाय ब्रश किंवा कापड फिरवणारे यंत्रमानव आता वाळवंटी प्रकल्पांत बरेच वापरले जातात. त्यांवर आक्षेप असा की कोरड्या वाळूवर ब्रश घासल्याने काचेवरचा परावर्तन रोखणारा पातळ लेप झिजेल. ही भीती निराधार नाही. झीज किती होईल हे ब्रशाच्या मऊपणावर, धुळीतील कठीण कणांवर आणि लेपाच्या टिकाऊपणावर ठरते. त्यामुळे सफाईने आज मिळालेली वीज मोजताना काही वर्षांनी लेप कितपत शिल्लक आहे हेही मोजले पाहिजे.

आरशांच्या प्रकल्पांचे गणित वेगळे

सौर वीज म्हणजे नेहमी पॅनेलच असे नाही. मोरोक्कोतील वारझाझात येथील नूर प्रकल्पसमूहात आरशांनी ऊन एकवटून उष्णता आणि तिच्यापासून वीज तयार करणारे भाग आहेत. आरसा फक्त सूर्याकडून सरळ येणारे किरण नेमक्या जागी पाठवू शकतो. आकाशातून विखरून येणारा प्रकाश त्याच्या कामाचा नसतो. हवेतील धूळ सरळ किरण विखुरते, तेव्हा पॅनेलला विखुरलेला भाग निदान अंशतः तरी मिळतो, आरशाचा मात्र तो पूर्ण जातो. काचेवरची धूळही आरशाला जास्त महाग पडते, कारण प्रकाश तिच्यातून येताना एकदा आणि परतताना एकदा जातो, आणि जरासा वाकला तरी नेम चुकतो. म्हणून या प्रकल्पांसाठी एकूण प्रारणाऐवजी थेट किरणांचे प्रारण मोजावे लागते. पॅनेलच्या प्रकल्पाचे गुणोत्तर आणि आरशांच्या प्रकल्पाची कार्यक्षमता शेजारीशेजारी मांडणारे तक्ते यामुळे दिशाभूल करतात.

पॅनेलमध्येही दोन्ही बाजूंनी प्रकाश घेणारा प्रकार आता रूढ झाला आहे. फिकट वाळू बराच प्रकाश वर परतवते, त्यामुळे वाळवंटात त्याला चांगला वाव आहे. पण मागून येणारा प्रकाश मोजलाच नाही, तर छेद लहान राहतो आणि गुणोत्तर उगाचच वाढून दिसते. असे फुगलेले गुणोत्तर पाहिले की आधी मागच्या बाजूचा सेन्सर शोधावा.

दोन टक्क्यांचा फरक खरा की भास?

उत्तम प्रतीच्या उपकरणांनी मोजले तरी प्रारणात दोनेक टक्क्यांची अनिश्चितता राहते, आणि ती गुणोत्तरात उतरते. यंदाचे गुणोत्तर गेल्या वर्षीपेक्षा एका टक्क्याने वाढले, असा दावा एकट्या त्या आकड्यावर टिकत नाही. नवा लेप किंवा नवी सफाईपद्धत तपासायची असेल तर एकाच प्रकल्पातल्या शेजारच्या ओळींची, एकाच काळातली तुलना करावी. दोन्हींवर तेच ऊन पडत असल्यामुळे उपकरणाची चूक दोन्हींकडे सारखीच राहते आणि लहान फरकही विश्वासाने सांगता येतो. वेगवेगळ्या वर्षांची किंवा ठिकाणांची तुलना करून लहान फरकांवर बोलणे टाळलेले बरे.

वर्षागणिक होणारी झीज

पॅनेल हळूहळू म्हातारे होते. जगभरच्या नोंदींत ही घट बहुधा वर्षाला अर्ध्या टक्क्यापासून पाऊण टक्क्यापर्यंत आढळते आणि उष्ण हवामानात ती जास्त असण्याकडे कल दिसतो. दिवसा ७० अंश आणि रात्री गारठा असा रोजचा ताण सेलमधील जोडण्यांना थकवतो. अतिनील किरणांनी सेलवरचे पारदर्शक आवरण पिवळे पडते. वाऱ्याबरोबर येणारी वाळू काच खरवडते. भारतात आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने वेगवेगळ्या हवामान विभागांत झालेल्या प्रत्यक्ष पाहण्यांतही उष्ण विभागांतील पॅनेलांची घट थंड विभागांपेक्षा जास्त आढळली होती.

अर्धा टक्का घट आणि १५ टक्के धूळ एकाच आलेखात असतील तर पहिली दुसरीत बुडून जाते. सफाई अनियमित झाली तर धुळीलाच झीज समजले जाते. नियमित झाली तर खरी झीज काही काळ झाकली जाते, कारण आधीच्या मळक्या वर्षाच्या तुलनेत हे वर्ष चांगले दिसते. म्हणून झीज शोधताना सफाईनंतरचे पहिले एक-दोन निरभ्र दिवस तेवढे निवडतात, तापमानाची दुरुस्ती करतात, एका वर्षातील ठरावीक आठवड्याची पुढच्या वर्षातील त्याच आठवड्याशी तुलना करतात आणि निदान काही वर्षांच्या नोंदी हाती येईपर्यंत निष्कर्ष राखून ठेवतात. जोडीला काही पॅनेले उतरवून, धुऊन प्रयोगशाळेत तपासणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. या सगळ्यासाठी सफाई कोणत्या दिवशी, कोणत्या ओळींत झाली आणि सेन्सर त्याच दिवशी पुसला का, याची तारीखवार वही लागते, आणि मागे वळून झीज शोधू पाहणाऱ्याला बहुतेक वेळा नेमकी तीच मिळत नाही.